क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे काय रे भाऊ?

होस्टेलवर कुणी दोन दिवस मेसला दिसला नाही की त्याला 'सायको' म्हणून मोकळं व्हायची आपली जुनी पद्धत. पण या विषयातला खरा जाणकार कसा तयार होतो, हे विचारलं तर अर्धी विंग म्हणेल, "सायकियाट्रिस्टच ना?" नाही. सायकियाट्रिस्ट एम.बी.बी.एस. करून पुढे एम.डी. होतो, औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही. त्याचं काम मुलाखत, चाचण्या आणि थेरपी.

आता कुणी म्हणेल, नुसतं बोलायचं तर आहे! पण हे ट्रेनिंग आपल्याकडे १९५५ साली बंगळूरला, आजच्या निम्हान्समध्ये सुरू झालं, ते उगाच नाही. एम.ए. झाल्यावर आणखी दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल., आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या रजिस्टरात नाव लागल्यावरच ती पाटी. (२०२२ च्या यूजीसी नियमांनी एम.फिल. बंद केलं, या विषयाला प्रवेशासाठी २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. डिग्रीचं नाव बदलो, वॉर्डातले तास कमी होऊ नयेत एवढंच.)

माझी मावसबहीण यातून गेली आहे. सुरुवातीला फक्त केस हिस्टरी. पेशंटशी तासभर, मग त्याच्या आईशी वेगळं, भावाशी वेगळं. रात्री सगळं लिहून काढायचं. सकाळी सुपरवायझर विचारणार, "झोप नक्की कधीपासून उडाली?" उत्तर नसलं की परत वॉर्डात! आपल्यासारखी जर्नलं छापायची सोयच नाही. ताई म्हणते, मधे न बोलता ऐकायला शिकण्यातच सहा महिने गेले.

आणि आपल्या कॉलेजात? समुपदेशन कक्ष आठवड्यातून एकदा दोन तास उघडतो, तोही अकाउंट्स सेक्शनला लागून, फीच्या रांगेसमोर. आत बसतात त्या मॅडम पूर्ण लोड सांभाळून, तीन दिवसांच्या वर्कशॉपच्या जोरावर. मॅडम चांगल्या आहेत, मनापासून ऐकतात. पण केटी लागल्यामुळे झोप न येणारा मुलगा आणि जगणंच नको झालेला मुलगा, दोघंही "सर, बरं वाटत नाही" एवढंच म्हणतात. त्यातला फरक ओळखायला वॉर्डच लागतो. लेथवर इन्स्ट्रक्टरशिवाय हात लावू देत नाहीत ना आपल्याला?

तेव्हा गॅदरिंगच्या डीजेला जातात त्यातले थोडे पैसे वळवून रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आठवड्यातून निदान दोन दिवस बोलवावं. मॅडमनी त्यांच्याकडे मुलं पाठवावीत. आणि खोली कृपया लायब्ररीच्या मागे द्यावी. तिथे कुणी कुणाला बघत नाही.