जामीनदार आणायचा कुठून?

दिवाळी उलटली की नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागांतली हजारो कुटुंबं गुजरातच्या ऊसतोडीला निघतात. तिथे नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि बहुधा खर्चूनही झालेली असते. अशा घरातला एक माणूस किरकोळ चोरीच्या किंवा मारहाणीच्या गुन्ह्यात आत गेला की कोयता मोडतो, उचल मात्र अंगावर राहते. खटला उभा राहण्याआधीच शिक्षा सुरू होते, आणि ती भोगते बायको, पोरं. देशाच्या तुरुंगांत २०२२ अखेर ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन.

यांतल्या अनेकांचा जामीन मंजूर झालेला असतो. अडतं ते जामीनदारापाशी. न्यायालय स्थानिक, ऐपतदार माणूस मागतं. सुरतेत पकडलेल्या मजुराला सुरतेचा जामीनदार कोण मिळणार? गावी पकडला, तर भाऊबंद उसाच्या फडात. ज्यांच्याकडे वनपट्टा आहे त्यांनाही तो विकता येत नाही, मग ऐपत म्हणून तो किती चालणार? हे दुखणं जुनं आहे. १९७८ सालच्या प्रकरणात मोतीराम नावाच्या गवंड्यासाठी त्याच्या भावाने देऊ केलेला जामीन दंडाधिकाऱ्याने नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की सुटका लांबत असेल तर स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. पंचेचाळीस वर्षांत एवढीच मजल! केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत मिळते. पण अट माणसाची असेल तर पैसा काय करणार?

'सोडला तर परराज्यात पळेल, तारखेला यायचा नाही,' हा आक्षेप खोटा नाही, पण त्याचा रोख चुकतो. ऊसतोड मजुराचं जाणं ठरलेलं असतं. टोळी कुठली, मुकादम कोण, कारखाना कोणता, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. होळीला माणूस परततोच. मुकादमाचा नंबर घ्या, तारखा उन्हाळ्यात लावा, मधल्या तारखांना दूरदृश्य हजेरी चालू द्या. जमीन, नाती, रेशनकार्ड इथेच असलेला माणूस पळून जाईल तरी कुठे? गंभीर हिंसा, स्त्रिया-मुलांवरचे अत्याचार आणि साक्षीदाराला धाक बसेल अशी प्रकरणं अर्थातच यात धरू नयेत. तिथे फिर्यादीची सुरक्षितता आधी.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायचं आहे. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असू शकणारे गुन्हे यातून वगळले आहेत. पण तीन वर्षांच्या कलमाला ही मुदत एक वर्षाची, म्हणजे अख्खा हंगाम गेला. शिवाय एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असली तर ही सवलत नाही. शिक्षेच्या बाजूने तरी थोडी वाट मोकळी झाली आहे: पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीत, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा होते. तो माणूस गावच्या शाळेची दुरुस्ती करील आणि घरची मजुरीही बुडणार नाही. जामिनावरच्या सुटकेसाठीही कायदा बदलण्याची गरज नाही. जामीन मंजूर होऊनही आठवडाभरात न सुटलेल्यांची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचीच आहे. ती यादी दसऱ्याच्या सुमारास न्यायाधीशांपुढे ठेवून जातमुचलक्याचे अर्ज निकाली काढले, तर टोळ्या निघण्याआधी ही माणसं घरी असतील.