बाप्तिस्म्यानंतरची शाळा

आपल्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत शिकण्याची व्यवस्था लहानांसाठीच असते. संडे स्कूल मुलांचं, वचनं पाठ करण्याच्या स्पर्धाही मुलांच्या. दृढीकरणाचा विधी झाला की शिक्षण संपलं, असंच घरोघरी धरून चालतात. पुढची चाळीस-पन्नास वर्षं माणूस रविवारी उपदेश ऐकतो, पण प्रश्न विचारायला त्याला जागा नसते. ही मोठी उणीव आहे. मराठी ख्रिस्ती समाज ज्या नावांचा अभिमान बाळगतो, त्यांच्या आयुष्यांशी तर ती अजिबात जुळत नाही.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या आणि संस्कृतातल्या विद्वत्तेसाठी आधीच नावाजलेल्या. नव्या धर्मात आल्यावरही त्यांनी निमूटपणे मान डोलावली नाही. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार अशा विषयांवर त्यांनी सिस्टर जेराल्डिन या आपल्या मार्गदर्शक जोगिणीशीच पत्रांतून वाद घातला. ही पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. स्वतः वाचायचं, पडताळायचं आणि पटलं तरच स्वीकारायचं, हा त्यांचा बाणा त्यांत पानोपानी दिसतो. त्यांची श्रद्धा या प्रश्नांमुळे डळमळली नाही, पक्की झाली.

पुढे केडगावला मुक्ती मिशन या निराधार बायकांच्या आपल्या आश्रमाचा प्रचंड व्याप सांभाळताना, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. त्या वेळचं मराठी बायबल तिथल्या दुष्काळातून वाचलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना जड जाई. म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, मूळ ग्रंथ समोर ठेवून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. ऐकू कमी येत होतं, तरी काम थांबलं नाही. छापखाना मुक्तीचाच होता. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी करणं, सारं तिथल्या मुली-बायका शिकल्या. ज्यांना शाळेचा उंबरा कधी दिसला नसता, त्या धर्मग्रंथाची पानं जुळवत होत्या! १९२२ साली रमाबाई गेल्या आणि दोन वर्षांनी संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्टही अशीच. त्यांना लिहा-वाचायला आलं ते लग्नानंतर. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले तेव्हा टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य अपुरं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरं केलं.

बायबललाही हे मोठेपणी शिकणं नवं नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अपुल्लो नावाचा फर्डा वक्ता आणि शास्त्राचा जाणकार भेटतो. त्याच्या ज्ञानात राहिलेली कसर तंबू शिवून पोट भरणारं एक जोडपं, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, त्याला घरी नेऊन भरून काढतं. विद्वानाने कारागिरांकडून शिकावं, त्यातही एका बाईकडून, यात त्याला कमीपणा वाटला नाही.

मंडळ्यांनी एवढं तरी करावं: आठवड्यातून एक संध्याकाळ प्रौढांच्या अभ्यासासाठी राखावी. उपदेश नको, पुस्तक उघडं असावं आणि प्रश्न विचारायची मुभा असावी. पाळकांनीही तिथे विद्यार्थी म्हणून बसावं.