दम आला, पण टाच तयार आहे का?

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईतल्या हौशी रग्बीपटूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपना जाग येते. कॉलेजात असताना खेळलेले, मग नोकरी, संसार आणि हार्बर लाइनच्या रोजच्या रखडपट्टीत दोन-तीन वर्षं मैदानाला पारखे झालेले गडी पुन्हा एकमेकांना हाका मारू लागतात. ‘‘शनिवारी नेरूळला जरा पळून घेऊ. रविवारी मॅच आहे, एक जण कमी पडतोय, तू ये.’’ शनिवार आणि रविवार यांच्यामधल्या त्या एका रात्रीवर माझा आक्षेप आहे.

रग्बी खेळू नका, असं मी म्हणत नाही. दीर्घ खंडानंतर सराव न करता थेट सामन्यात उतरणं ही बेफिकिरी आहे, आणि तिची जबाबदारी उतरणाऱ्याइतकीच त्याला उतरवणाऱ्या कप्तानावरही आहे, एवढंच माझं म्हणणं. त्यावर जे आक्षेप घेतले जातात ते घेणारी माणसं खेळातली आहेत, त्यामुळे ते झटकून टाकता येत नाहीत. एकेक तपासू.

पहिला दाखला आपल्या नेरूळचाच दिला जातो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेफाली वर्माने ८७ धावा केल्या, दोन बळीही घेतले. ती वर्षभर एकदिवसीय संघात नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी तिला बोलावणं आलं. ‘‘बघा, वर्षभर बाहेर असलेली मुलगी येते आणि सामनावीर ठरते. आम्हाला काय सांगता?’’ दाखला जोरदार, पण गैरलागू. शेफाली संघाबाहेर होती, खेळाबाहेर नव्हती. बोलावणं आलं तेव्हा ती हरयाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. तिचा खंड निवड समितीच्या यादीतला होता, पायांतला नव्हता. आपला खंड असतो तो खुर्चीतला, लोकलमधला आणि सोफ्यावरचा. दोन्हींना एकाच मापाने मोजणाऱ्याने निदान आपला गेल्या सहा महिन्यांचा हिशेब मांडावा.

दुसरा युक्तिवाद अधिक खोल आहे: ‘‘खेळ अंगात भिनलेला असतो. शरीर विसरत नाही.’’ यात अर्धं सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चेंडू कसा फिरवून द्यायचा, टॅकलला कोणता खांदा लावायचा, हे हातापायांना आठवतं. एकदा कमावलेला स्नायू पुन्हा उभा राहायला पहिल्यापेक्षा कमी वेळ घेतो. दम दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीत घसरतो खरा, पण नेटाने धावलं की काही आठवड्यांत बऱ्यापैकी परतही येतो. धोक्याचं मूळ नेमकं इथेच आहे. जे लवकर परत येतं ते आपल्याला जाणवतं. जे उशिरा येतं त्याची जाणीवच होत नाही.

उशिरा येणाऱ्यांत पहिला नंबर टेंडनचा. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या या दोराला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे त्याची डागडुजी संथ. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेमागच्या अकिलिस टेंडनचं वय शोधून काढलं, तेही गंमतशीर मार्गाने. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्या काळी वाढणाऱ्या शरीरांत मुरला होता. त्याच्या खुणेवरून त्यांनी पेशीजालाचं वय काढलं. निष्कर्ष असा की या टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. म्हणजे पस्तिशीतला गडी मैदानात उतरतो तो शाळा सुटताना मिळालेल्या टाचेवर. तिला नियमित भार मिळाला तर ती ताठ आणि सशक्त राहते. दोन वर्षं बसून काढली तर आठवडाभराच्या पळापळीने ती पूर्ववत होत नाही.

माळ्यावर ठेवलेले जुने बूट काढून बघा. चामडं ठीक, लेसही शाबूत, पण तळव्याचा डिंक वाळून गेलेला. पहिली दहा मिनिटं बूट झकास चालतो, मग एका वळणावर तळ उघडतो आणि जिभेसारखा लोंबू लागतो. मैदानावर हशा पिकतो, कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळून देतं, खेळ पुढे चालू. टाच अशी उघडली तर चिकटपट्टी पुरत नाही. ज्यांची अकिलिस तुटली आहे ते जवळजवळ एकच वर्णन करतात: मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने मैदान बंद, आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे कुबड्या घेऊन नेरूळ स्टेशनचा जिना.

‘‘हे हौशांचं झालं, पण तरुण आणि तयारीच्या खेळाडूंना खंड बाधत नाही,’’ असं कुणी म्हणेल. त्याच्यासाठी अमेरिकेतला २०११ सालचा दाखला. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादातून टाळेबंदी झाली आणि मार्च ते जुलै असे साडेचार महिने खेळाडूंना क्लबचे दरवाजे बंद राहिले. दरवाजे उघडल्यावर सरावाच्या पहिल्या बारा दिवसांत दहा जणांची अकिलिस तुटली, पुढच्या सतरा दिवसांत आणखी दोघांची. ही काही प्रयोगशाळेतली तुलना नव्हे; केवळ बारा प्रसंगांवरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे मान्य. पण जगातली सर्वांत महागडी शरीरं, बरेच जण खासगीत घाम गाळत असलेले, तरीही पहिल्याच पंधरवड्यात एवढी पडझड! मग कॉर्पोरेट कॅन्टीनच्या वडापाववर पोसलेल्या आपल्या टाचांनी कोणत्या भरवशावर निर्धास्त राहायचं?

तिसरा दावा नवी मुंबईत सर्रास ऐकू येतो: ‘‘मी काही बसून नव्हतो. पाम बीचवर धावतो, जिमला जातो.’’ हे उत्तम आहे आणि असा माणूस बसून राहिलेल्यापेक्षा नक्कीच पुढे आहे. पण पाम बीचचा रस्ता सरळ आणि सपाट. तिथे कुणी अंगावर येत नाही, पूर्ण वेगात असताना अचानक थांबून दिशा बदलावी लागत नाही, मानेवर दुसऱ्याचं वजन पडत नाही. रग्बीत हेच सगळं होतं, आणि तेही पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर. या खेळातल्या जवळपास निम्म्या दुखापती टॅकलमध्ये होतात. टॅकल ही ताकदीइतकीच वेळ साधण्याची गोष्ट आहे. समोरच्याच्या पावलाचा अंदाज अर्ध्या क्षणाने चुकला की खांद्याच्या जागी डोकं लागतं. हा अंदाज ट्रेडमिलवर परत येत नाही. तो हळू वेगातल्या, पुन्हा पुन्हा केलेल्या टॅकलनेच येतो.

चौथी समजूत स्ट्रेचिंगची. सामन्याआधी गोल करून उभं राहायचं, पाय मागे धरायचा, वीस आकडे मोजायचे आणि दुखापतीचा विमा उतरवल्याच्या आनंदात खेळायला लागायचं. ऑस्ट्रेलियात १५३८ नव्या सैनिकांवर ही समजूत तपासली गेली. निकाल २००० साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणात व्यायामापूर्वी स्नायू ताणणारे आणि न ताणणारे यांच्या पायांच्या दुखापतींत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. फरक पडला तो मुळातल्या तंदुरुस्तीने. ताणून बरं वाटत असेल तर खुशाल ताणा, पण त्याला तयारी म्हणू नका.

पाचवा आक्षेप पैशाचा आणि म्हणून सर्वांत आपल्यातला: ‘‘दुखापत टाळण्याची शास्त्रं श्रीमंत क्लबांची. आमच्याकडे ना फिजिओ, ना मशिनं. मैदानही तासाच्या भाड्याने.’’ इथे पुरावा नेमका उलट बाजूला आहे. इंग्लंडमधल्या प्रौढ हौशी क्लबांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८१ क्लब होते. निम्म्या क्लबांनी सराव आणि सामन्याआधी तोल, उडी, दिशाबदल, मान आणि मांडीचे ठरावीक व्यायाम केले. उरलेल्यांनी नेहमीचा वॉर्मअप. पहिल्या गटात पायांच्या दुखापती सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याला मार बसून होणारं कन्कशन सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळलं. एकूण सगळ्या दुखापतींबाबत चित्र इतकं स्वच्छ नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. याच धर्तीचा ‘ॲक्टिव्हेट’ नावाचा कार्यक्रम वर्ल्ड रग्बीने सर्वांसाठी फुकट खुला केला आहे. त्याला लागतात वीसेक मिनिटं आणि एक जोडीदार. मशीन लागत नाही.

त्याहून स्वस्त व्यायाम डेन्मार्कच्या फुटबॉलपटूंनी दाखवला. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं. पन्नास संघांतले ९४२ खेळाडू, त्यांतल्या निम्म्या संघांनी हंगामाच्या मधल्या सुट्टीत दहा आठवडे हे केलं. वर्षभरात मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती झाल्या करणाऱ्यांत १५, न करणाऱ्यांत ५२. सुट्टी होती म्हणूनच त्यांना हे जमलं, हे विशेष. खंड हा वाया गेलेला काळ असलाच पाहिजे, असं नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. घरची वडीलधारी माणसं, सोसायटीतले हितचिंतक आणि क्वचित डॉक्टरही सांगतात: ‘‘पस्तिशी उलटली, आता रग्बी कसली खेळतोस? चालायला जा.’’ हेही तितकंच चूक आहे. बैठ्या आयुष्याने हृदय, साखर आणि मनाचं जे नुकसान होतं ते सावकाश होतं म्हणून कुणाला दिसत नाही; तुटलेली टाच मात्र सगळ्या गल्लीला दिसते. शिवाय ज्याला चेंडू हातात घेऊन पळण्यात आनंद आहे तो तुमच्या सांगण्याने चालायला जाणार नाही. तो सोफ्यावर बसेल, आणि दोन वर्षांनी पुन्हा एखाद्या शनिवारी फोन आला की आणखी कच्च्या अंगाने मैदानात उतरेल. बंदीमुळे खंड वाढतो आणि खंडामुळे धोका.

मग करायचं काय? मी सुचवतो तो क्रम सहा आठवड्यांचा आहे. पहिले दोन आठवडे नुसती टच रग्बी: स्पर्श झाला की चेंडू सोडायचा, धडक नाही. सोबत पोटऱ्यांसाठी टाचा उचलण्याचे आणि वर सांगितलेले गुडघ्यांवरचे व्यायाम. पुढचे दोन आठवडे टॅकल, पण आधी गुडघ्यांवर, मग चालत, मग पॅडवर. मानेचे व्यायाम याच काळात. पाचव्या आठवड्यात मोजकी, नियंत्रित धडक. सहाव्यात सामना, तोही शेवटची दहा-पंधरा मिनिटं, बदली खेळाडू म्हणून. मुळात दुखापतीमुळेच खेळ सुटला असेल तर या सगळ्याआधी फिजिओथेरपिस्टची गाठ. कारण जुनी, अर्धवट बरी झालेली दुखापत हीच नव्या दुखापतीची सर्वांत ठळक खूण असते.

यातले आकडे दगडावरची रेघ नव्हेत. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंना दर आठवड्याला सरासरी दहा टक्केच भार वाढवायला लावून पाहिलं, तर जलद वाढवणाऱ्यांइतकेच तेही जखमी झाले. तेव्हा टक्क्यांच्या गणितावर माझी भिस्त नाही. भिस्त आहे ती क्रमावर: आधी धाव, मग वळण, मग धडक, मग सामना. यातली एकही पायरी आदल्या दिवशीच्या संध्याकाळी उरकता येत नाही.

‘‘सहा आठवडे थांबलो तर पावसाळाच संपेल आणि पंधरा जण तरी कुठून आणायचे?’’ हा शेवटचा आणि खरा आक्षेप. पावसाळा जूनमध्ये येतो हे एप्रिलमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. ग्रुपला जाग तेव्हाच आणा. माणसं कमी असतील तर सातजणांचा खेळ आहे, टच आहे. स्क्रमच्या पहिल्या रांगेत उभे राहायला तयार गडी नसतील तर ढकलाढकलीविना स्क्रम लावण्याची तरतूद नियमांतच आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. मानेला अपाय होण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आणि डोक्याला मार बसला तर त्याच क्षणी बाहेर. डॉक्टरांची देखरेख नसलेल्या हौशी खेळाडूने २१ दिवस सामन्यात उतरू नये, असं वर्ल्ड रग्बीचं सांगणं आहे.

हे सगळं एकेका खेळाडूच्या शहाणपणावर सोडलं तर होणार नाही, कारण ‘एक जण कमी पडतोय’ या वाक्यासमोर भल्याभल्यांचं शहाणपण टिकत नाही. म्हणून नियम संघाने करावा. तीन महिन्यांहून जास्त खंड पडलेल्याला सरावाशिवाय सामना नाही, मग तो कितीही मोठा खेळाडू असो आणि आपण कितीही कमी असू. कप्तानाने हे हंगामाच्या पहिल्या बैठकीत सांगावं, यादी लिहून ठेवावी आणि वेळ आली तर चौदा जणांनिशी खेळावं. सामना हरेल कदाचित. पण तो गडी पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्याही, खेळायला उपलब्ध असेल.