रँडीचं गुपित कुणी फोडलं?



गुन्हेगारीवरची मालिका आणि ती शिक्षकांनी बघायची? ‘द वायर’चं नाव ऐकलं तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. शिव्या भरपूर, रक्तपातही आहे, त्यामुळे मुलांसोबत मुळीच बघू नका. पण तिचा २००६ सालचा चौथा सीझन, १३ भागांचा, आपण मोठ्यांनी जरूर बघावा असं माझं मत आहे.

अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. नाक्यानाक्यावर अमली पदार्थांची विक्री. तिथली आठवीची चार मुलं: मायकेल, नेमंड, ड्युकी आणि रँडी. मालिकेच्या लेखकांपैकी एड बर्न्स आधी पोलीस होते, नंतर त्याच शहरात सरकारी शाळेत शिक्षक झाले. म्हणूनच वर्ग इतका खरा वाटतो. गणिताचे नवे सर फासे आणून संभाव्यता शिकवतात, मुलं रमतात, आणि वरून आदेश येतो की परीक्षेचा सराव घ्या. (ओळखीचं वाटलं ना?)

मुलगा बिघडला की आपण पटकन म्हणतो, संगत वाईट. इथे बघा, नेमंडला नाक्यावर पाठवणारी त्याची आईच आहे. मायकेल टोळीकडे जातो तो धाकट्या भावाला घरातल्या एका माणसापासून वाचवायला.

पण मला झोप लागू दिली नाही ती रँडीने. हा शाळेत चॉकलेट विकणारा, स्वतःच्या दुकानाची स्वप्नं बघणारा हसरा पोरगा. सरकारने सोपवलेल्या एका बाईंकडे राहतो. शाळेत एका भानगडीत सापडतो. आता हे घर सुटणार या भीतीने तो उपमुख्याध्यापिकांना सांगतो, मला एका खुनाबद्दल माहीत आहे. पुढे त्याचं वाईट करावं असं कुणाच्याच मनात नसतं. सर विश्वासातल्या वरिष्ठ पोलिसाकडे जातात, तो दुसऱ्याकडे सोपवतो, दुसरा तिसऱ्याकडे. आणि तिसरा संशयिताची चौकशी करताना बोलून जातो की माहिती कुठून आली. झालं! रँडी वस्तीत ‘खबऱ्या’ ठरतो. मार खातो. घर पेटवलं जातं, त्या बाई भाजून रुग्णालयात जातात, आणि तो पुन्हा सरकारी वसतिगृहात. तिथेही मार.

मला विचाराल तर नेम धरून झाडलेल्या कुठल्याही गोळीपेक्षा हे भयंकर आहे. प्रत्येकाने आपापलं काम केलं, फक्त ‘या पोराचं पुढे काय होईल’ हे काम कुणाचंच नव्हतं.

आपल्याकडे एवढं कुठे घडतं, असं म्हणाल. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने शाळा सुटल्यावर मला थांबवून घरातली एक गोष्ट सांगितली. मी ती काळजीपोटीच स्टाफरूममध्ये बोललो. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या वडिलांच्या कानावर गेली होती. नंतर दोन वर्षं तो माझ्याच वर्गात होता. विचारलं की ‘हो सर’, ‘नाही सर’, एवढंच बोलायचा.