संगणकाचे कुलमुखत्यारपत्र

प्रति,
मा. महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक), पुणे

महोदय,


कुवेतमध्ये चाकरी करणाऱ्या मराठी माणसाला कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गावाकडील जमिनीची वाटणी असो वा घराची विक्री, दर वेळी रजा मिळत नाही. म्हणून भारतीय दूतावासात जाऊन, मजकूर वाचून, अधिकाऱ्यासमक्ष सही करून आपण आपला अखत्यार घरच्या माणसाकडे सोपवतो, आणि सोपवताना तो कोणत्या कामापुरता आहे व रद्द कसा करता येईल, याची खातरजमा करून घेतो. गेल्या वर्षी हाच व्यवहार आमच्या घरी उलट दिशेने झाला. साताऱ्यास राहणाऱ्या माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आपल्या संगणकाचा ताबा फहाहीलमध्ये बसलेल्या माझ्याकडे दिला. मात्र या मुखत्यारपत्राचा मजकूर मराठीत मला कोठेच सापडला नाही.

तो संगणक आपल्याच संस्थेने डेबियनच्या पायावर उभारलेल्या ‘बॉस’ लिनक्सवर चालतो. एका शुक्रवारी, येथे नऊ आणि तेथे साडेअकरा वाजलेले असताना, मी फोनवर एकेक अक्षर सांगावे व अण्णांनी ते टर्मिनलमध्ये उमटवावे, अशा रीतीने प्रथम एक्सआरडीपी हे दुरून ताबा घेण्याचे साधन बसवले. माझ्या नावाच्या वेगळ्या खात्याने मी आत शिरलो, प्रिंटरची मांडणी तपासू लागलो, आणि अण्णा विचारत राहिले, “अरे, तू आलास की नाही?” आलो होतो, परंतु त्या पद्धतीत पाहुण्याला स्वतंत्र सत्र मिळत असल्याने घरधन्याच्या पडद्यावर काहीच हलत नव्हते. मग ते काढून, केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत जन्मलेले व्हीएनसी बसवले, ज्यात दोघांपुढे एकच पडदा ठेवता येतो. बाण आपोआप सरकू लागताच अण्णांनी माऊसवरचा हात उचलला आणि म्हणाले, “आता दिसलास.”

व्हीएनसीचा दरवाजा इंटरनेटवर उघडा टाकणे म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा रात्री सताड ठेवणे होय. म्हणून ही सारी ये-जा एसएसएचच्या कूटबद्ध मार्गाने नेली. आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यातून संकेतशब्द चोरीस गेल्यावर एका फिनिश संशोधकाने १९९५ साली ही योजना रचली. तिच्यात संकेतशब्दाऐवजी किल्लीची जोडी वापरता येते, जिचा गुप्त भाग माझ्या संगणकाबाहेर जात नाही.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण केवळ तांत्रिक नाही. दुरून पडदा हाताळू देणारे ॲप मोबाइलवर घ्यायला लावून भामटे खात्यातील रक्कम लांबवतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला होता. मुलाने वापरलेली युक्ती आणि भामट्याने वापरलेली युक्ती यांत यंत्राच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक पडतो तो देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे उमजले आहे की नाही, एवढ्यानेच, आणि ते उमजणे परभाषेतील सूचनांवर सोडून देणे म्हणजे न वाचता सही करावयास लावणे होय.

जिस्ट तंत्रज्ञानाच्या द्वारे भारतीय लिपी संगणकावर रुळवणाऱ्या आपल्या संस्थेला हे काम अवघड नाही. ‘बॉस’सोबत एक छोटी मराठी पुस्तिका द्यावी; तीत कोण आत येतो, त्याला काय दिसते, आपल्याला तो दिसतो की नाही, आणि त्याला तत्काळ बाहेर कसे काढावे, या चार गोष्टी असाव्यात, व ताबा देण्यापूर्वी पडद्यावर येणारी सूचनाही त्याच भाषेत असावी.

तूर्त अण्णांनी संगणकाशेजारच्या भिंतीवर स्वहस्ते लिहिलेली एक चिठ्ठी डकवली आहे: “बाण हलला आणि फोनवर मुलगा नसेल, तर इंटरनेटची वायर काढावी.” महोदय, ही चिठ्ठी आपल्या संस्थेने छापावी, एवढाच माझा अर्ज आहे.

आपला नम्र,
एक सातारकर
मुक्काम फहाहील, कुवेत