‘ग्लिच’ आणि ‘बिघाड’

संगणकीय व्यवस्था अडली की हल्ली कचेऱ्यांत ‘ग्लिच आहे’ एवढे उत्तर मिळते. या शब्दाचे मूळ पाहण्यासारखे आहे. यिडिश भाषेत त्याचा अर्थ निसरडी जागा. जर्मनमधील ‘ग्लिचेन’ म्हणजे घसरणे. अमेरिकेतील नभोवाणीच्या व्यवसायात १९४० च्या दशकात तो रुळला. १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी विद्युतदाबातील अचानक उसळी, असा त्याचा अर्थ सांगितला. म्हणजे पाय घसरावा तसा क्षणिक प्रकार. त्यात दोष कोणाचाच नाही.

आपला ‘बिघाड’ वेगळ्या कुळातला. संस्कृत ‘वि’ आणि ‘घट्’ यांपासून प्राकृतमार्गे ‘बिघडणे’ आले. ‘घडणे’ हे त्याचे भावंड. जे घडवले, त्याची घडण मोडणे म्हणजे बिघडणे. शिवाय त्याच्या शेजारी ‘बिघडवणे’ उभे आहे, आणि तेथे कर्ता सांगावा लागतो.

वकिलीत हा भेद मोलाचा ठरतो. माझ्या एका पक्षकाराचे नाव जमिनीच्या उताऱ्यातून गळाले. ‘ग्लिच’ म्हणून त्याची सहा महिने बोळवण झाली. अखेर आम्ही लेखी विचारले : बिघाड कशाने झाला, दुरुस्ती कोण व केव्हा करणार? मग मात्र उत्तर देणे भाग पडले.

राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. तो बजावताना अर्जात ‘बिघाड’ हाच शब्द लिहावा.