फरशी तिच्या बांगड्यांची, घर मात्र त्याचं

घराचं काम काढलं की घरातल्या बाईला अचानक मान मिळू लागतो. ‘तुझ्याच आवडीने होऊ दे,’ असं नवरा म्हणतो, सासरे म्हणतात, दुकानदारही म्हणतो. टाइल्सचा रंग तिचा, ओट्याचा ग्रॅनाइट तिच्या पसंतीचा, नळ तिने निवडलेले. या कौतुकात एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही, ती म्हणजे बिल कुणाच्या नावावर? जोवर याचं उत्तर मिळत नाही तोवर ही सारी ‘आवड’ म्हणजे बाईच्या हातावर ठेवलेली खडीसाखर आहे.

गेल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्याने करून घेतलं. त्यासाठी पुण्यातली बरीच दुकानं पालथी घातली. अनुभव सगळीकडे सारखाच. रंग, नक्षी, चकाकी याविषयी दुकानदार माझ्याशी बोलायचे. पाइप कुठला चांगला, वॉटरप्रूफिंग किती वर्षं टिकेल, भिंतीत गेलेल्या फिटिंगला गॅरंटी आहे का, हे मी विचारलं तरी उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून यायचं. मिस्त्रीने ओट्याची उंचीदेखील त्यालाच विचारली. एका दुकानात पैसे माझ्या खात्यातून गेले आणि बिलावर नाव मात्र नवऱ्याचं आलं. बदलून मागितलं तर म्हणाले, ‘ताई, घर एकच ना!’ मी बिल बदलून घेऊनच दुकानाची पायरी उतरले.

एवढ्याशा कागदासाठी एवढा हट्ट कशाला, असं काहींना वाटेल. आमच्या सल्ला केंद्रात बसून पाहा, म्हणजे कळेल. घरातून बाहेर काढलेली बाई येते तेव्हा आम्ही तिच्यासोबत तिच्या वस्तूंची यादी करतो. भांडी, कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, दागिने. दागिन्यांपाशी आलं की पुष्कळ जणी थांबतात. ‘ते घराच्या कामात गेले.’ पाटल्या मोडून फरशी झाली. भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या पैशांत संडास-बाथरूम झालं. बचत गटाचं कर्ज काढून पत्रे आणि सिमेंट आलं, आणि त्याचे हप्ते ती आजही भरते आहे. भांडी मागून आणता येतात. सिमेंटमध्ये बसवलेली फरशी उखडून रिक्षात घालता येत नाही. सोनं तिचं होतं. त्याची फरशी झाली आणि ती ज्याचं घर त्याची झाली.

कायदा काय म्हणतो? स्त्रीधन बाईचंच, सासरी ठेवलं म्हणून ते नवऱ्याचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तरी परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी आहे, असं याच न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं. पण आधी ते तुमचं होतं आणि कुठे गेलं, हे दाखवावं लागतं. दाखवणार कशाने? सोनाराची मोडीची पावती जपलेली नसते. टाइल्सवरचा 18 टक्के जीएसटी वाचावा म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल आणलेला असतो. पक्कं बिल असलं तर नवऱ्याच्या नावावर. काटकसर आपण करायची आणि पुरावाही आपलाच बुडायचा!

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने (2005) बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला. तो मोठाच आधार आहे, पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. संसारात दोघांनी मिळून उभं केलेलं दोघांचं, असं सांगणारा कायदा महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वारशामुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, सर्वसाधारणपणे मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा वाटा धरला जातो. नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणीच्या घरकामाचाही वाटा असतो, असं मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका निकालात मानलं. अशा एखाद्या निकालावर किती बायकांनी भरवसा ठेवून बसायचं?

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: ‘नवरा-बायकोत हिशेब कसला? विश्वास नको का?’ हवा ना! पण मग विश्वासाने चालत असेल तर बिल, गॅरंटी कार्ड, सोसायटीचा भागदाखला आणि खरेदीखत या सगळ्यांवर त्याचं नाव कशासाठी लागतं? विश्वास ठेवायचा तो फक्त तिनेच का? ‘तुला नॉमिनी केलंय’ असंही सांगतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे प्रत्येकीने लक्षात ठेवावं.

आपल्यातल्याही काही जणी म्हणतील, हा फ्लॅटवाल्या बायकांचा प्रश्न. वस्तीत जाऊन विचारा. पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो तो गटाच्या कर्जावर, आणि परवाना, करपावती, वीजबिल असतं त्याच्या नावावर. प्रधानमंत्री आवास योजनेत घरावर घरातल्या स्त्रीचं नाव, निदान जोडीने, असावं अशी अट आहे. गरिबाच्या घरकुलाला जे लागू, ते पगारदाराच्या फ्लॅटला का नको?

तेव्हा, मैत्रिणींनो, काम काढण्याआधी काही गोष्टी ठरवू या. आपला पैसा आपल्या खात्यातून जाईल आणि पक्कं बिल आपल्या नावावर होईल. सोनं मोडलं तर पावती आणि ते पैसे कुठे लागले याची नोंद एकत्र ठेवू. कागद घरातल्या कपाटात नको, माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे त्यांच्या प्रती असू द्या. पण बिलाने घराची मालकी मिळत नाही, म्हणून खरा आग्रह घराच्या कागदावर नाव लावण्याचा धरू. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. एखाद्या बऱ्या नळाला याहून जास्त पैसे मोजतो आपण! घरावर कर्ज असेल तर बँकेची संमती लागेल, तीही मागू.

आणि संघटना म्हणून वैवाहिक मालमत्तेत समान वाटा देणाऱ्या कायद्याची मागणी पुन्हा नेटाने लावून धरू. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घराचा कागद घेऊन यावं आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचावं. चर्चा तिथूनच सुरू करू.